प्रश्नाची भाषा: वाचाघाताचा इतिहास आणि रायगडचा किनारा

साहित्यसमीक्षेने वैद्यकाकडून उसन्या घेतलेल्या संकल्पनांपैकी वाचाघाताइतकी सैलपणे वापरली गेलेली संकल्पना क्वचितच दुसरी असेल. रोमान याकबसन यांनी १९५६ साली भाषाव्यवहाराच्या दोन अक्षांची मांडणी वाचाघाताच्या दोन प्रकारांच्या आधारे केली. तेव्हापासून शैलीचे वर्गीकरण, कवितेतील मौन, एखाद्या समूहाचे मूकपण अशा परस्परांपासून दूरच्या गोष्टींना वाचाघाताची उपमा लावली जाऊ लागली. अशा उसनवारीत वावगे काही नाही. परंतु ज्या शास्त्राकडून ही संकल्पना आली, ते शास्त्र मधल्या काळात बरेच पुढे सरकले आणि समीक्षा मात्र बहुतांशी १९५६ च्या टप्प्यावरच थांबून राहिली. मेंदूला विजेचा सूक्ष्म स्पर्श करून भाषेचा शोध घेण्याची जी परंपरा याकबसन यांच्या हयातीतच रूढ झाली होती, तिची दखल साहित्यविचारात अभावानेच घेतली गेली.

प्रस्तुत निबंधात या इतिहासाची मांडणी एका प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाची आहे. एखाद्याची भाषा गेली असे आपण म्हणतो, तेव्हा ती कोणत्या भाषेत प्रश्न विचारून ठरवलेली असते? प्रयोगशाळेला हा प्रश्न उशिरा सुचला. ज्या प्रदेशात तो नित्य व्यवहारातच उभा असतो, असा एक प्रदेश म्हणून रायगडचा किनारा येथे विचारासाठी घेतला आहे. १९८१ पूर्वी कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या किनारपट्टीवर आगरी व कोळी बोली आहेत, मुरूड-श्रीवर्धनकडील मुसलमानांची कोकणी आहे, कोर्लईत पोर्तुगीजमधून उगवलेली बोली आहे, आणि अलिबाग-रेवदंडा परिसरात बेने इस्राएल समाजाने शतकानुशतके आपलीशी केलेली मराठी होती. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात या पट्ट्यातील बोलींची नोंद आहे, अ. मा. घाटगे यांनी १९६६ साली महाडच्या कुणबी बोलीचे स्वतंत्र वर्णन प्रसिद्ध केले. एका माणसाच्या मुखात दोन किंवा तीन भाषा असणे, ही येथे अपवादाची बाब नव्हे.

१

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘वाचा जाणे’ हा मराठी वाक्प्रचार अनेक अवस्थांना एकाच वेळी कवेत घेतो. भीतीने वाचा बसते, दुःखाने वाचा खुंटते, अर्धांगाच्या झटक्याने वाचा जाते. वैद्यकाला मात्र येथे भेद करावा लागतो. जिभेचे व ओठांचे स्नायू दुबळे होऊन उच्चार अस्पष्ट होणे ही एक गोष्ट. शब्द शोधण्याची, वाक्य जुळवण्याची किंवा ऐकलेल्याचा अर्थ लावण्याची क्षमताच बाधित होणे ही दुसरी. वाचाघात ही संज्ञा दुसऱ्या अवस्थेसाठी आहे. हा आघात वाचन-लेखनावरही होतो. इतकेच नव्हे, तर खुणांची भाषा वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींमध्येही डाव्या गोलार्धाला इजा झाल्यावर तो आढळतो. म्हणजे जाते ती वाचा नव्हे, तर भाषेचा वापर. आपला शब्द रोगापेक्षा अरुंद आहे.

येथे मराठी अभ्यासकाला एक मोह होणे स्वाभाविक आहे. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशी वाणीची चढती-उतरती श्रेणी आपल्या परंपरेत सिद्धच आहे. वैखरी गेली, मध्यमा शिल्लक राहिली, असे वर्णन सहज सुचते. परंतु भर्तृहरीच्या विचारातील वाणीचे स्तर हे ज्ञान आणि शब्द यांच्या अभेदाविषयीचे तत्त्वज्ञान आहे. मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली असता काय होते, याचे ते वर्णन नव्हे. दोन्हींना एकमेकांवर चिकटवल्याने दोन्हींचे नुकसान होते. परंपरेकडून येथे घ्यावयाचा असेल तर एवढाच इशारा घ्यावा की, जे कानाला ऐकू येते त्यावरून भाषेचे संपूर्ण मोजमाप होत नाही.

२

आधुनिक वाचाघातविचाराचा प्रारंभ सामान्यतः १८६१ पासून मानला जातो. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक रुग्ण अनेक वर्षे राहत होता. ‘तां’ या एका ध्वनीपलीकडे त्याच्या तोंडून फारसे काही येत नसे. विचारलेले मात्र त्याला बऱ्याच अंशी कळे. त्याच्या मृत्यूनंतर शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि डाव्या बाजूच्या ललाटखंडातील विवक्षित भागाला झालेली इजा मानवशास्त्र मंडळापुढे मांडली. १८६५ साली त्यांनी भाषेचा संबंध डाव्या गोलार्धाशी स्पष्टपणे जोडला. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या उलट चित्र दाखविले: रुग्ण अस्खलित बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि ऐकलेले त्याला उमगत नाही. येथील इजा शंखखंडाच्या मागील भागात होती. एक केंद्र उच्चारणाचे, दुसरे आकलनाचे, दोहोंना जोडणारा मार्ग मधे, असा एक सुटसुटीत नकाशा यातून तयार झाला.

या नकाशावर पहिला गंभीर आक्षेप इंग्लंडमधील जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांचा होता. ज्या जागेची इजा भाषा बिघडवते ती जागा दाखवता आली म्हणून भाषेची जागा दाखवता आली असे होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. एखाद्या घाटात दरड कोसळली आणि गावाला जाणारा माल थांबला, तर माल त्या घाटात तयार होत होता असे आपण म्हणत नाही. जॅक्सन यांचा मुद्दा या प्रकारचा आहे. त्यांचे दुसरे निरीक्षण साहित्याच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचे वाटावे. ज्यांना साधे विधान करता येत नाही असे रुग्ण शिव्या देतात, प्रार्थना म्हणतात, ठरीव उद्गार काढतात. जॅक्सन यांनी म्हणून विधानात्मक भाषण आणि स्वयंचलित भाषण असा भेद केला. स्वतःचे पाण्याचे मागणे ज्याला शब्दांत मांडता येत नाही, अशा माणसाच्या मुखातून पाठ असलेली आरती सुरात बाहेर पडू शकते. १९७३ नंतर बॉस्टनमध्ये विकसित झालेल्या सुरावटीच्या उपचारपद्धतीने अशाच शिल्लक क्षमतेचा उपयोग करून घेतला. १८९१ साली तरुण फ्रॉइड यांनीही आपल्या वाचाघातावरील पुस्तकात केंद्रांच्या नकाशावर टीका केली, ती बऱ्याच अंशी जॅक्सन यांच्याच बाजूने.

३

याकबसन यांचा या क्षेत्रातील प्रवेश दोन टप्प्यांत झाला. नाझी आक्रमणामुळे देशांतर करीत ते स्वीडनला पोचले असताना १९४१ मध्ये त्यांचा बालभाषा, वाचाघात आणि ध्वनिनियम यांवरील ग्रंथ निघाला. मूल जे ध्वनिभेद शेवटी शिकते ते वाचाघातात प्रथम जातात, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. १९५६ च्या निबंधात त्यांनी विचार ध्वनीवरून एकूण भाषाव्यवहारावर नेला. बोलणारा एकीकडे अनेक पर्यायांतून एक घटक निवडतो, दुसरीकडे निवडलेले घटक जोडतो. निवड साम्यावर चालते, जोडणी सान्निध्यावर. काही रुग्णांत निवडीचा अक्ष बिघडतो: त्यांना समानार्थी शब्द, व्याख्या, भाषांतर जमत नाही, पण संदर्भाच्या आधाराने ते बोलतात. काहींत जोडणीचा अक्ष बिघडतो: व्याकरणाचे दुवे गळतात आणि सुटे शब्द उरतात. पहिल्या प्रकारात रूपक अशक्य होते, दुसऱ्यात मेटॉनिमी. येथून याकबसन एका झेपेत स्वच्छंदतावाद आणि वास्तववाद, कविता आणि गद्य यांच्यापर्यंत जातात. लाकाँ यांचे मनोविश्लेषण आणि डेव्हिड लॉज यांचे १९७७ चे कादंबरीविवेचन याच झेपेवर उभे आहे.

आपल्या काव्यशास्त्राला हे द्वंद्व सर्वस्वी नवे नव्हते. सादृश्यावर आधारलेली गौणी आणि सादृश्याखेरीज अन्य संबंधांवर आधारलेली शुद्धा, असा लक्षणेचा भेद मम्मटाने केलाच आहे. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हणून गंगेचा तीर सुचवणे हे सान्निध्याचेच उदाहरण. याकबसन यांचे नावीन्य या भेदात नाही. हा भेद शरीरात, इजेच्या स्वरूपात दाखवता येतो असा दावा करण्यात आहे. काव्यशास्त्राला त्यांनी रोगनिदानाची साक्ष मिळवून दिली.

ही साक्ष कितपत पक्की होती? याकबसन यांनी स्वतः रुग्ण तपासले नव्हते. जॅक्सन, हेड, गोल्डस्टाइन आणि पुढे लुरिया यांच्या निरीक्षणांवर त्यांची भिस्त होती. ते गृहीत धरण्यास हरकत नाही. अधिक महत्त्वाच्या मर्यादा दोन आहेत. एक, ही सारी निरीक्षणे कायमच्या इजेवर आधारलेली होती. इजा कायमची असेल तर ‘नाही’ आणि ‘सापडत नाही’ यांतील फरक दिसणे कठीण. दुसरी, रुग्ण बोलत असलेली भाषा आणि परीक्षकाने विचारलेली भाषा एकच आहे, असे या मांडणीत जवळपास गृहीतच धरलेले होते. पहिल्या मर्यादेचे उत्तर विजेच्या प्रयोगांनी दिले, दुसरीचे बहुभाषिकांनी.

४

मेंदूला विजेने चेतवता येते हे १८७० मध्ये बर्लिन येथे फ्रिच आणि हिट्झिग यांनी कुत्र्यावर दाखविले. चारच वर्षांनी अमेरिकेत बार्थोलो यांनी कवटीला व्रण झालेल्या एका मरणासन्न स्त्रीच्या मेंदूत सुया खुपसून तेच माणसावर केले. त्यांच्या हयातीतच या कृत्याचा निषेध झाला, आणि तो योग्य होता. ज्ञानाच्या या शाखेचा आरंभ एका अनिच्छुक शरीरावर झाला, ही गोष्ट इतिहास लिहिताना गाळता येत नाही.

विसाव्या शतकात या तंत्राला उपचारात स्थान मिळाले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या माँट्रिअलच्या मज्जासंस्था संस्थेत वाइल्डर पेनफील्ड अपस्माराच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना होत नसल्यामुळे केवळ कवटीपुरती जागा बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येई. शल्यकर्म करताना भाषेचा भाग कापला जाऊ नये म्हणून पेनफील्ड सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने एकेक जागा चाचपून पाहत आणि त्याच वेळी रुग्णाला चित्रे दाखवून नावे विचारीत. लामार रॉबर्ट्स यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये या निरीक्षणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला सर्वांत बोलका निष्कर्ष नकारात्मक आहे: विजेने कधीही अर्थपूर्ण शब्द उच्चारला गेला नाही. फार तर एखादा लांबट स्वर निघे. प्रवाह भाषा निर्माण करीत नव्हता, तो तिला अडवीत होता. आणि प्रवाह थांबताच ती परत येत होती.

या नोंदींतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. फुलपाखराचे चित्र दाखवले असता रुग्ण गप्प राहिला, अस्वस्थपणे त्याने चुटकी वाजवली. प्रवाह थांबल्यावर त्याने सांगितले की, फुलपाखराचे नाव सापडेना, म्हणून त्याने पतंगाचे नाव शोधून पाहिले. तेही सापडले नाही. याकबसन यांच्या मांडणीशेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा. येथे निवडीचा अक्ष बाधित आहे हे खरे. परंतु निवडीची क्रिया बंद पडलेली नाही. वस्तू ओळखली गेली आहे, शब्द नाही हे कळले आहे, त्याच्या जागी साम्याने दुसरा शब्द आणण्याचा यत्नही झाला आहे. म्हणजे साम्याचा विचार शाबूत आहे आणि त्याला उच्चारापर्यंत नेणारी वाट तेवढी बंद आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दिसले ते निव्वळ मौन. रुग्ण नंतर सांगू शकला नसता, तर या मौनाला आपण साम्यबुद्धीचा अभाव म्हणून मोकळे झालो असतो. ज्यांची इजा कायमची आहे त्यांना हे नंतर सांगण्याची सोय नसते.

अर्थात येथून उलट टोकाला जाणेही चुकीचे ठरेल. पक्षाघातात मेंदूच्या ऊती खरोखरच मरतात. सगळे काही आत सुखरूप असून केवळ दार बंद आहे, असे सर्वच रुग्णांविषयी म्हणता येणार नाही. मुद्दा एवढाच की, न बोलता येणे हा भाषा नसल्याचा पुरावा नव्हे. तो स्वतंत्रपणे शोधावा लागतो.

५

एकाहून अधिक भाषा जाणणाऱ्या रुग्णाचे काय होते, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच उपस्थित झाला होता. तेओद्युल रिबो यांच्या १८८१ च्या स्मृतिविकारांवरील ग्रंथानुसार जे प्रथम शिकले ते शेवटपर्यंत टिकते. याचा अर्थ मातृभाषा टिकावी. आल्बेर पित्र यांनी १८९५ साली बहुभाषिक रुग्णांच्या अभ्यासातून वेगळा नियम मांडला: जी भाषा रुग्णाच्या सर्वाधिक सवयीची होती ती आधी परतते, मग ती मातृभाषा असो वा नसो. पुढील अनुभवाने दोन्ही नियमांना अपवाद पुरविले. कधी दोन्ही भाषा समान गतीने परततात, कधी एकीमागून एक, कधी एक परतताच दुसरी मागे हटते.

१९७८ मध्ये जॉर्ज ओजेमन आणि हॅरी व्हिटेकर यांनी पेनफील्ड यांचीच पद्धत दोन द्विभाषिक रुग्णांवर वापरली. एकेका जागेवर प्रवाह देताना चित्राचे नाव त्यांनी दोन्ही भाषांत विचारले. काही जागी दोन्ही भाषा अडखळल्या. काही जागी एकच भाषा अडली आणि दुसरी निर्वेध चालली. १९८९ साली ओजेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११७ रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांत नाव सांगण्याशी संबंधित जागा लहान लहान आणि व्यक्तिगणिक भिन्न आढळल्या. ब्रोका-वेर्निके यांचा सर्वांना एकच लागू होणारा नकाशा त्यांनी बराच विस्कटला. पद्धतीच्या दृष्टीने मात्र १९७८ चा धडा मोठा आहे. प्रश्न एकाच भाषेत विचारला असता, तर ‘येथे भाषा अडते’ अशी नोंद झाली असती. दुसऱ्या भाषेत विचारल्यामुळेच ‘येथे एक भाषा अडते’ हे कळले.

याहून विस्मयकारक निरीक्षण मिशेल पारादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. मोरोक्कोत काम करणाऱ्या, फ्रेंच व अरबी जाणणाऱ्या एका रुग्णेच्या भाषा आळीपाळीने जात आणि येत. एके दिवशी अरबी सुरळीत, फ्रेंच जवळपास बंद. दुसऱ्या दिवशी उलट. आणि तरीही, ज्या भाषेत ती आपणहून बोलू शकत नव्हती त्याच भाषेत तिला भाषांतर करता येत होते. भाषांतर हे भाषिक प्रभुत्वाचे शिखर मानण्याची आपली सवय आहे. येथे भाषांतर आणि स्वतःचे बोलणे या दोन वेगळ्या वाटा असल्याचे दिसते. शिवाय आज जी भाषा नाही ती उद्या असते, म्हणजे ती नष्ट झालेली नव्हती हे निराळे सिद्ध करावयास नको.

आता कोर्लईकडे वळू. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, किल्ल्याच्या डोंगराखाली हे गाव आहे. चौल येथे १५२१ पासून पोर्तुगीजांचे ठाणे होते. १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांकडे गेला. पोर्तुगीज गेले, पण गावातील ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली बोली राहिली. बोलणारे तिला ‘नोलिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. एका गावातील हजाराच्या आसपास माणसांची ही भाषा. शेजार, बाजार आणि शाळा यांची भाषा मराठी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या ग्रंथात तिची घडण तपशिलाने दाखवली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटाकडे सरकले. शब्द मुख्यतः पोर्तुगीज घराण्यातले, जोडणीचा कल मराठीकडे. याकबसन यांच्या परिभाषेत बोलायचे तर निवडीचा अक्ष एका भाषेकडून आणि जोडणीचा अक्ष बराचसा दुसरीकडून आलेला, आणि तरीही ही एक पूर्ण, निरोगी भाषा.

लिस्बनच्या व्याकरणातून पाहणाऱ्याला हीच भाषा मोडकी पोर्तुगीज वाटेल. ‘मोडकी’ या शब्दातच रोगनिदान दडलेले आहे. संकरज भाषांना दीर्घ काळ अशाच नावांनी हिणवले गेले. आता कल्पना करू की या गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला पक्षाघात झाला आणि तिची तपासणी प्रमाण मराठीत छापलेल्या चाचणीने झाली. तिला मराठी शब्द सापडला नाही तर ‘नाव सांगता येत नाही’ अशी नोंद होईल. नोलिंगमधील शब्द तिच्या ओठावर आला तर परीक्षकाला तो निरर्थक ध्वनी वाटण्याचा संभव आहे. वाक्यरचना घराची निघाली तर व्याकरण ढासळल्याचे लक्षण म्हणून ती मोजली जाईल. आगरी किंवा कोळी बोलणाऱ्याच्या बाबतीत धोका याहून सूक्ष्म आहे, कारण तेथे परीक्षकाला आपण रुग्णाच्या भाषेतच विचारीत आहोत असे वाटत असते. पारादी यांनी १९८७ मध्ये द्विभाषिकांसाठी जी चाचणी मांडली, तिचे मूळ तत्त्व हेच की रुग्णाच्या प्रत्येक भाषेची तुल्य परीक्षा व्हावी. आणि एका भाषेतील चाचणीचे दुसरीत केवळ भाषांतर करून तुल्यता येत नाही.

६

विजेच्या साहाय्याने अडवणे शक्य आहे, तर वाट मोकळी करणेही शक्य आहे काय? अलीकडच्या संशोधनाचा हा प्रश्न आहे, आणि त्यामागील भौतिकशास्त्र समजून घेण्यासाठी कोर्लईहून अलिबागपर्यंतच जावे लागते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे या नाजूक नोंदी बिघडणार हे उघड झाले, आणि नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. इमारतीत लोखंड टाळण्यात आले. वाहती वीज चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, हे तत्त्व येथे उपद्रव म्हणून ओळखले गेले. याच तत्त्वाची दुसरी बाजू, म्हणजे बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करते, ही शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये कामाला लावली. डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणार्धाचा जोरदार प्रवाह सोडला की अलिबागच्या नोंदींत दिसणाऱ्या क्षेत्राच्या हजारो पट तीव्र क्षेत्र क्षणभर निर्माण होते, आणि कवटी न उघडता मेंदूच्या पृष्ठभागात प्रवाह जागतो. काही वर्षांतच या उपायाने बोलणे क्षणभर थांबवता येते हे दिसून आले.

२००५ मध्ये बॉस्टनच्या मार्गारेट नेसर यांनी हे तंत्र जुन्या वाचाघातावर वापरले. रुग्ण चारच होते. चेतवणूक दिली ती इजा झालेल्या डाव्या बाजूला नव्हे, तर उजव्या बाजूच्या समान्तर भागाला. आणि तीही त्याला शांत करणारी, मंद गतीची. इजेनंतर उजवी बाजू अतिरिक्त सक्रिय होऊन उरलेल्या डाव्या भागाला दाबते, असा तर्क त्यामागे होता. या रुग्णांची चित्रांची नावे सांगण्याची क्षमता सुधारली. दुसरे तंत्र याहून साधे: टाळूवर दोन विद्युत्पट्ट्या ठेवून एक-दोन मिलिॲम्पिअरचा स्थिर प्रवाह देणे. तो चेतापेशींना थेट बोलायला लावत नाही. त्यांची तयारी किंचित वाढवतो वा घटवतो. ज्युलियस फ्रिड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ७४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. सर्वांना नावे सांगण्याचा सराव दिला. काहींना खरा प्रवाह, काहींना त्याचा देखावा. खरा प्रवाह मिळालेल्यांत सुधारणा अधिक दिसली. ही चाचणी पुढील अभ्यास निष्फळ ठरेल की नाही एवढेच ठरवण्यासाठी आखलेली होती, आणि उत्तर ‘निष्फळ नाही’ असे आले. याहून मोठा दावा अद्याप करता येत नाही.

या संशोधनातील दोन गोष्टी साहित्यविचाराने टिपून ठेवाव्यात. पहिली, वीज एकटी शब्द परत आणीत नाही. सोबत शिकवणे आणि सराव लागतो. पेनफील्ड यांचा नकारात्मक निष्कर्ष येथेही कायम आहे. दुसरी, सराव कोणत्या तरी एका भाषेत होतो. कोणत्या शब्दांची चित्रे दाखवायची, कोणते उत्तर बरोबर मानायचे, हे यंत्र ठरवत नाही. म्हणजे मेंदूच्या सर्वांत आधुनिक उपचारातही प्रश्नाच्या भाषेचा निर्णय माणसानेच घ्यावयाचा असतो, आणि तो निर्णय सामाजिक असतो.

७

शेवटी समूहाच्या मूकपणाविषयी. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले. ग्रंथ समुद्रात गेले, हिब्रू विसरली गेली, उरले ते ‘शेमा’ हे श्रद्धावचन, शनिवारची विश्रांती आणि काही आचार. तेलाच्या घाण्यावर काम करणारे हे लोक शनिवार तेली म्हणून ओळखले गेले. जॅक्सन यांच्या स्वयंचलित भाषणाशी या कथेचे साम्य चटकन डोळ्यांत भरते: सारी भाषा गेली आणि एक पाठ वचन उरले. याच ज्यू परंपरेतील १३७ व्या स्तोत्रात जेरुसलेम विसरल्यास उजवा हात आणि जीभ निकामी व्हावी अशी शपथ आहे. काही वैद्यकीय इतिहासकारांना त्यात उजव्या अंगाचा पक्षाघात आणि वाचाघात यांच्या साहचर्याची अतिप्राचीन नोंद दिसते. समूहाचा वाचाघात असे रूपक रचण्यास याहून अनुकूल सामग्री कोठे मिळणार?

आणि नेमके येथेच हे रूपक नाकारले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्याने किंवा कोचीनहून आलेल्या शिक्षकाने हिब्रूत प्रश्न विचारला, म्हणून त्याला विस्मरण आढळले. मराठीत विचारले असते तर? हा समाज मराठीत मुका नव्हता. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक मराठी भाषांतरासह छापले गेले. १८८० च्या सुमारास बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने उभी राहिली. इस्राएलला स्थलांतर झाल्यावरही तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. हिब्रूच्या बाजूने पाहिले तर जी पोकळी दिसते, तिच्यात मराठीच्या बाजूने पाहिले तर भरलेले घर आहे. समाज भाषा बदलतो तेव्हा त्याला इजा झालेली नसते. तो इतिहासाच्या दडपणाखाली का होईना, एका भाषेतून दुसरीत राहायला गेलेला असतो. वाचाघाताच्या रुग्णाला असे दुसरे घर मिळेलच असे नाही. दोघांना एकच शब्द लावला की समाजाची निर्मिती झाकली जाते आणि रुग्णाची वेदना अलंकार बनते.

याकबसन यांचे ऋण नाकारण्याचा येथे हेतू नाही. वाचाघात हा भाषाविज्ञानाचाही विषय आहे हे त्यांनी ठामपणे सांगितले, आणि वैद्यकाने ते ऐकले. परंतु त्यांचे द्वंद्व वापरताना आता दोन कसोट्या लावाव्या लागतील. समोरचे मौन न सापडण्याचे आहे की नसण्याचे, हे स्वतंत्रपणे पाहिले आहे काय? आणि ते कोणत्या भाषेत प्रश्न विचारून ऐकले आहे? दलित, आदिवासी किंवा स्त्रियांच्या लेखनातील ‘मूकतेचा’ विचार करतानाही या कसोट्यांची गरज आहे; कारण तेथेही प्रश्न बहुधा प्रमाण मराठीत विचारला जातो आणि उत्तर न आल्याची नोंद उत्तर देणाऱ्याच्या नावावर होते. ज्या दिवशी ओजेमन यांनी त्याच जागेवर प्रवाह ठेवून तोच प्रश्न दुसऱ्या भाषेत विचारला, त्या दिवशी मेंदूविज्ञानाने ही खबरदारी शिकून घेतली. कोर्लई ते श्रीवर्धन या किनाऱ्यावर काम करणाऱ्या वाचोपचारतज्ज्ञाला ती रोज घ्यावी लागेल. साहित्यसमीक्षेलाही ती टाळता येणार नाही.